महादेवप्पांचा जावई

महादेवप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरांनी महिनाभर गाडी चालवू नका म्हणून बजावलं. शेजारचा सटवाजी आपण होऊन म्हणाला, "अप्पा, माझं पंप दुरुस्तीचं दुकान जळकोटलाच हाय. तुम्हाला हापिसात सोडत जाईन की."

त्याला आता चार महिने झाले. डोळा कधीच ठणठणीत झाला होता, पण अहमदपूर ते जळकोट ही सोय महादेवप्पांच्या अशी अंगवळणी पडली की सटवाजीला पाच मिनिटं उशीर झाला तरी ते त्याला फैलावर घेत. नाक्यावर सटवाजीची काळी गाडी आली की ते मागून चढत, मागूनच उतरत. सटवाजीचं तोंड त्यांनी महिनोन्‌महिने धड पाहिलं नव्हतं. ओळख काय ती त्याच्या पाठीशी.

त्या सोमवारी ते नाक्यावर आले तेव्हा काळी गाडी उभीच होती. हेल्मेटवाला फोनवर बोलत होता. महादेवप्पांनी मागे बैठक मारली आणि पाठीवर थाप दिली. "ठेव तो फोन. चल, निघ."

पाठ दचकली. हेल्मेटमधून दबका आवाज आला, "जळकोटलाच ना?"

"न्हाई, काशीला! चार महिने झाले, अन् अजून विचारून राहिला?"

गाडी मुकाट्याने निघाली. वाटेत खड्डा आला. महादेवप्पा ओरडले, "डोळे फुटले का रे? हळू!" गाडी हळू झाली, तर म्हणाले, "बैलगाडीत बसवलं का मला?" पुढे केळीवाला दिसला. "थांब. डझनभर केळी आण. बारकी नको." केळी आली. ती पिशवीत टाकत ते म्हणाले, "तुझ्या घरच्यांनी तुला काही वळणच लावलं न्हाई. आज तुझ्या आईलाच सांगतो."

पुढची पाठ घामाने भिजली.

आपल्या कार्यालयासमोर महादेवप्पा म्हणाले, "थांबव इथं."

"पण मामा, बारसं तर पुढच्या गल्लीत हाय."

"कुणाचं बारसं?"

हेल्मेट निघालं. आत एक कोवळा, घाबराघुबरा, सर्वस्वी अनोळखी चेहरा होता.

"तू कोण?"

"मी शिवप्रसाद. तुमचा जावई."

महादेवप्पांना मुलगीच नव्हती. ते खांबाला धरून उभे राहिले.

हळूहळू उलगडा झाला. शिवप्रसादचं लग्न होऊन चारच महिने झाले होते. बायकोचे, म्हणजे पूनमचे, बसवराज मामा त्याने अजून पाहिले नव्हते. ते नाक्यावर भेटतील, त्यांना मेहुणीच्या बाळाच्या बारशाला घेऊन या, असा सासरहून निरोप होता. "पूनम म्हणाली होती, मामा लई कडक हायेत. तुम्ही बोलायला लागला, अन् माझी खात्रीच पटली."

एवढ्यात सटवाजीची गाडी येऊन थांबली. मागे पांढऱ्या मिशांचे एक म्हातारे गृहस्थ होते.

"अप्पा, फोन लावून लावून थकलो!" सटवाजी म्हणाला. "हे मामा नाक्यावर जावयाची वाट बघून राहिले होते. तुम्ही कुणाच्या तरी मागं बसून गेला म्हणून तिथल्या टपरीवाल्यानं सांगितलं. मंग म्हणलं, यांना तरी पोचवावं."

बसवराज मामा सावकाश उतरले. त्यांनी सटवाजीचे दोन्ही हात हातात घेतले. "लेकरा, ओळख ना पाळख. तू थांबलास म्हणून मी बारशाला पोचलो. लई उपकार झाले बघ."

सटवाजी कानापर्यंत लाल झाला. जमिनीकडे बघत पायाने माती उकरायला लागला. महादेवप्पा त्या तोंडाकडे बघतच राहिले. एवढ्याशा बोलण्यानं माणूस असा फुलतो, आणि आपण चार महिने त्याला खड्डेच मोजून दाखवत होतो! शिवप्रसादची माफी मागताना त्यांची जीभ अडखळली. त्यावर तो उलट त्यांच्याच पाया पडला.

संध्याकाळी घरासमोर उतरल्यावर महादेवप्पा नेहमीसारखे सरळ आत गेले नाहीत. गाडीला वळसा घालून पुढे आले. "सटवाजी, आत ये. चहा घेऊ."

चार महिन्यांत पहिल्यांदाच सटवाजी त्या घरात शिरला. महादेवप्पांच्या पत्नी उमादेवींनी चहाबरोबर चिवडाही आणला. खुर्चीच्या कडेवर तो पाय दाराकडे करून बसला.

महादेवप्पांनी घसा खाकरला. "चार महिने तू मला नेऊन राहिला. मी एकदा बी नीट बोललो न्हाई. तुझे लई उपकार हायेत बघ. अन् डोळा बरा हाय आता. उद्यापास्नं माझी गाडी काढतो. तूच बसत जा मागं."

सटवाजीने चहाचा कप खाली ठेवला. एकदा चिवड्याकडे पाहिलं, एकदा महादेवप्पांकडे. मग मन घट्ट करून म्हणाला, "सांगून टाका अप्पा. काम किती मोठं हाय?"