राजा घरीच राहिला

पाठ्यपुस्तक मंडळाकडे एक पाठ मंजुरीसाठी आला: 'प्राचीन हिब्रू धर्मग्रंथातील राजे: कथनाची तंत्रे'. लिहिणाऱ्या बाई अकरा वर्षं कंत्राटावर शिकवत होत्या. पाठ मंजूर झाला तर नोकरी कायम, नाहीतर नारळ. मी मंडळाचा कारकून. माझं काम इतिवृत्त लिहिणं आणि शिक्का मारणं.

अध्यक्षांनी पहिल्याच उदाहरणावर बोट ठेवलं. "युद्धाचे दिवस आले, सैन्य गेलं, राजा घरीच राहिला. बरं मग? यात तंत्र कुठंय?"

"हेच तर तंत्र, साहेब," बाई म्हणाल्या. "लेखक राजाला एका शब्दाने नावं ठेवत नाही. घडलं तेवढं सांगतो. वाचणाऱ्याला काय कळायचं ते कळतं."

अध्यक्षांचा चेहरा उतरला. त्यांनी मागच्या बैठकीचं इतिवृत्त मागवलं. त्यात मी लिहिलं होतं, 'शाळेचं छत कोसळल्यावर सर्व सदस्य पाहणीला गेले. अध्यक्ष कार्यालयातच थांबले.' आईशपथ सांगतो, माझ्या मनात काही नव्हतं!

त्याच दिवशी परिपत्रक निघालं: घडलेली गोष्ट घडली तशी लिहू नये. मी इतिवृत्तातलं ते वाक्य बदलून लिहिलं, 'अध्यक्ष उपस्थित होते.' एक सदस्य खाकरले, "म्हणजे एरवी नसतात?" ते खोडलं. 'अध्यक्ष कर्तबगार आहेत' असं लिहिलं, तर चहा देणाऱ्या मावशींनाही हसू आवरेना. तेही खोडलं. शेवटी मी कोरा कागद फिरवला. सगळ्यांनी तो मन लावून वाचला आणि खाली माना घालून हसले.

"कोऱ्या कागदावर हसता?" अध्यक्ष कडाडले. "म्हणजे खोट लिहिण्यात नाहीच. वाचणाऱ्यातच आहे!"

निर्णय तिथल्या तिथे झाला. लेखिका निर्दोष, सबब नोकरी कायम. पाठ मंजूर, मात्र कोणीही वाचू नये. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. कशामुळे, ते मी इतिवृत्तात लिहिलेलं नाही.

आता राहिलात तुम्ही. मी कुठल्याही साहेबाचं नाव घेतलेलं नाही. तरी वाचताना तुमच्या डोळ्यांपुढे कोण आलं, ते सात दिवसांत विहित नमुन्यात लेखी कळवावं. आणि छत कोसळलं त्या दिवशी आपण स्वतः कुठे होतात, ते कागदाच्या मागच्या बाजूला लिहावं. जागा कमी पडल्यास पुरवणी मिळेल.