पिवळ्या स्टिकरची खुर्ची

टपालकाकांनी खुर्चीच्या हातावर पिवळा स्टिकर चिकटवला, तेव्हा त्यांच्या मनात खुर्चीबद्दल कसलंही पाप नव्हतं. जे काय होतं ते खुर्चीवर रचलेल्या जुन्या ब्लँकेटांबद्दल होतं. लोकरीला स्टिकर काही केल्या चिकटेना, म्हणून त्यांनी तो शेजारच्या लाकडाला लावला आणि निर्धास्तपणे चहा प्यायला गेले.

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. ज्याने हे म्हटलं त्याने बांधलेलं घर कधी रिकामं करून पाहिलं नसावं. काकूंचे गुडघे तिसरा मजला चढायला नाही म्हणू लागले, तेव्हा लेकीने आपल्या घराजवळ तळमजल्यावरच्या दोन खोल्या पाहिल्या आणि सामान हलवायला एक कंपनीही शोधली. ही कंपनी काहीही फेकून देत नसे. तिचा मुकादम आदल्या आठवड्यात तीन रंगांच्या स्टिकरांची भेंडोळी घेऊन आला होता.

"हिरवा लावाल ते नव्या घरी. पिवळा म्हणजे अजून वापरता येईल असं, ते पुनर्वापर केंद्रात जाईल, ज्याला हवं तो नेईल. लाल म्हणजे मोडीत. लाकूड लाकडात, लोखंड लोखंडात, काच काचेत. कचऱ्यात काही नाही जायचं."

"आणि हे एकेका वस्तूला लावायचं?" काकांनी विचारलं.

"एकेका वस्तूला."

"एकेका चमच्याला? अहो, तुम्ही झाडं वाचवायला निघालात की कागद संपवायला?"

काकांची सगळी नोकरी टपाल वेगळं करण्यात गेली होती. शेजारीपाजारी त्यांना टपालकाका म्हणत, ते त्यामुळेच. ढिगाला एकच चिठ्ठी लावायची, ही त्यांची पद्धत हाडीमाशी खिळलेली. थैलीवर चिठ्ठी असते ती आतल्या पत्रांची. पत्रं गावाला जातात, थैली मुकाट्याने परत येते. थैलीच कुणी वाटून टाकली असं त्यांच्या उभ्या नोकरीत घडलं नव्हतं. त्यामुळे पिवळी चिठ्ठी ब्लँकेटांची आणि खुर्ची आपली, यात त्यांना शंका घेण्यासारखं काहीच दिसलं नाही.

मुकादमाची माणसं टपाल खात्यातली नव्हती. त्यांनी ब्लँकेटांसकट खुर्ची उचलली आणि पिवळ्या गाडीत चढवली.

आता दुसरी कुठली वस्तू गेली असती तर काकू एका शब्दाने बोलल्या नसत्या. जेवणाचं टेबल गेलं, मोठं कपाट गेलं, मुलांचा दुमजली पलंग गेला. प्रत्येक वेळी काकूंनी पदराने धूळ पुसली आणि "जाऊ दे, कुणाच्या तरी उपयोगी पडेल" म्हणून निरोप दिला. मागितली होती ती एकच गोष्ट.

"बाकी काय हवं ते वाटा. माझी डुलती खुर्ची मात्र आली पाहिजे. मी नव्या घरात खिडकीपाशी तिची जागा मोजून ठेवलीय."

संध्याकाळी नव्या घरी हिरवी गाडी रिकामी झाली. काकू खिडकीपाशी उभ्या होत्या.

"अहो, खुर्ची कुठाय?"

काकांनी गाडीत डोकावून पाहिलं. मग गाडीखाली डोकावून पाहिलं. तिथे खुर्ची असण्याचं कारण नव्हतं, पण तेवढाच वेळ मिळाला. तेवढ्यात त्यांना पिवळा स्टिकर आठवला.

"उद्याच्या खेपेला येतेय," ते म्हणाले.

"उद्या खेप आहे?"

"आहे ना. छोटीशी."

एक खोटं बोललं की ते एकटं राहत नाही. रात्रभर काका त्या नसलेल्या खेपेत काय काय येणार होतं ते काकूंना सांगत होते. सकाळी काकू उठायच्या आत ते केंद्रावर जायला निघाले.

केंद्र म्हणजे एक जुनं गोदाम होतं. आत शिरल्यावर काकांना आपण परक्या जागेत आलोय असं वाटेचना. डाव्या हाताला त्यांचं जेवणाचं टेबल होतं आणि एक गृहस्थ त्याचा पाय हलवून बघत होते. त्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी लागते हे सांगायला काकांची जीभ शिवशिवली. मुलांच्या पलंगाच्या शिडीवर कुणाचं तरी शेंबडं पोर चढून बसलं होतं. काकांना एकदम भरून आलं. इतकी वर्षं त्या शिडीवरून "खाली उतर, पडशील" असं ओरडण्यात गेली होती, आणि आता ओरडायचा हक्क दुसऱ्या कुणाचा होता.

केंद्राच्या बाई एप्रन बांधून फिरत होत्या. काकांनी घसा खाकरला.

"चुकून आलेली वस्तू परत मिळते का हो?"

"नाही," बाई म्हणाल्या. "रोज कुणीतरी येतं. काल दिलेलं आज आठवतं, रडू येतं, पूर्वी परत न्यायचे. परवा पुन्हा आणून द्यायचे. म्हणून नियम केलाय. फाटकातून आत आली की वस्तू सगळ्यांची. जो आधी हात लावेल त्याची."

"मग हात लावतो," असं म्हणून काका खुर्चीकडे वळले, आणि थबकले. खुर्चीला नुसता हातच नव्हे, तर आख्खी एक मुलगी लागली होती. सात महिन्यांचं पोट सांभाळत ती पोरगी पाय पसरून, डोळे मिटून डुलत होती. तिचा नवरा शेजारी एक दिवा आणि दोन बादल्या घेऊन उभा होता.

काकांनी घाईघाईने बेत ठरवला. खुर्चीची इतकी बदनामी करायची की ही पोरगी स्वतःहून उठली पाहिजे.

"घेऊ नकोस गं ती," ते म्हणाले. "करकरते."

पोरीने एक डोळा उघडला. "फार?"

"भयंकर. आणि मागे जाताना नाही, पुढे येताना. पोराला झोपवत बसलं की घरभर करकर. ती थांबली की पलीकडच्या खोलीत कळायचं, झोपलं एकदाचं. मग आम्ही दिवा लावायचो."

"अय्या," पोरगी म्हणाली.

आपण भलतीकडे चाललोय हे काकांच्या ध्यानात आलं. त्यांनी आवाज कडक केला. "शिवाय डावीकडे कलते."

"कशामुळे?" नवऱ्याने विचारलं.

"थोरलीमुळे. तिला डाव्या खांद्यावरच झोप यायची. उजवीकडे घेतली की भोकाड. दोन वर्षं तशी डुलवल्यावर कलेल नाही तर काय! आणि तो उजवा हात बघ. चावलेला आहे."

"कुणी चावला?"

"धाकट्याने. दात येत होते त्याला. रबराची खेळणी आणली, गाजर दिलं, काही नको. खुर्चीच हवी. आणि डोक्यापाशी पॉलिश उडालंय बघ, तेलाने. आमची ही तशीच झोपून जायची, मूल मांडीवर घेऊन. मी दोघांवर पांघरूण घालायचो."

पोरगी आता पूर्ण जागी झाली होती. चावलेल्या हातावरून ती बोट फिरवत होती आणि तिचे डोळे पाण्याने भरले होते. नवऱ्याने बादल्या खाली ठेवल्या.

"आजोबा," तो म्हणाला, "तुम्ही ही खुर्ची घेऊ नका म्हणताय की गळ्यात मारताय?"

काकांचा धीर सुटला. काय झालं ते त्यांनी धडाधड सांगून टाकलं. ब्लँकेटं सांगितली, पिवळा स्टिकर सांगितला, मोजून ठेवलेली जागा आणि खोटी खेपसुद्धा सांगितली. पोरगी हातांवर जोर देऊन उठली.

"मग न्या ना आजोबा, आजींची आहे ती. आम्ही दुसरं काहीतरी बघू. आम्हाला काय, सगळं घरच रिकामं आहे. काल रात्री चावी मिळाली, सकाळी झाडायला गेलो. खोलीत खिडकीपाशी लादीवर दोन लांब चर पडलेत, तेवढे झाकले जावेत म्हणून ही दिसली तशी बसले."

"कसले चर?"

"काय माहीत! शेजारी शेजारी आहेत, वाकडे. मालक म्हणाला, आधीच्या लोकांनी काय केलं कुणास ठाऊक."

काका पुढे झाले. "तिसरा मजला? खिडकीतून समोर पाण्याची टाकी दिसते? स्वयंपाकघराचं दार अर्धंच उघडतं?"

"हो! तुम्हाला कसं ठाऊक?"

काका मागे सरकले आणि कुणाच्या तरी स्टुलावर बसले. खुर्चीच्या डुलण्याने पडलेले ते चर झाकायला कुणी सतरंजी टाकेल, कुणी लादी बदलेल, असलं काही त्यांनी मनातही आणलं नव्हतं. घर सोडलं की ते तिथेच थांबतं, असं त्यांना आपलं वाटत होतं.

"घेऊन जा," ते शेवटी म्हणाले. "मी बघतो घरी काय सांगायचं ते."

काय सांगायचं हे अर्थातच त्यांना ठाऊक नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला.

"खेप निघाली का?" काकूंनी विचारलं.

"निघतेय," काका म्हणाले. तेवढं तरी आता खरं होतं.

जोडप्याचं सामान हलवायलाही तीच कंपनी होती. गाडी घेऊन आलेला मुकादम खुर्चीकडे बघतच राहिला.

"काका, ही कालच उतरवली की आम्ही! दुसऱ्या वळणावर माझं बोट चेंगरलं हिच्यापायी."

"आज चढवायची आहे."

"कुठे?"

"तिथेच."

मुकादमाने आधी काकांकडे पाहिलं, मग आपल्या बोटाकडे पाहिलं आणि गाडीचं दार उघडलं. काकाही गाडीत चढले. खुर्ची चरांवर नीट बसते की नाही ते बघितल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं.

इकडे काकूंना खेपेचा संशय येऊ लागला होता. खेप छोटी म्हणावी तर इतका उशीर का? त्यांनी थेट मुकादमालाच फोन लावला.

"अहो, माझी खुर्ची कुठवर आली?"

"चढवतोय की तिसऱ्या मजल्यावर," मुकादम धापा टाकत म्हणाला.

"कुठल्या तिसऱ्या मजल्यावर?"

"तुमच्याच, काकू!"

तळमजल्यावर राहायला आलेल्या बाईला हे ऐकून काय वाटलं असेल याची कल्पनाच केलेली बरी. काकूंनी पायात चपला सरकवल्या आणि तडक निघाल्या.

खुर्ची चरांत नीट बसवण्यात काकांचा बराच वेळ गेला, तेवढ्यात जिन्यातून आवाज आला, "अहो!"

काकांनी तो आवाज ओळखला. लपायला घरात अजून कपाटही आलेलं नव्हतं. काकू एकेक पायरी चढत, दर वळणावर थांबत, पण मागे न फिरता वर पोचल्या. दारातच त्यांनी तोफ डागली.

"सामान आपण आणतोय की परत पाठवतोय? डोकंबिकं फिरलंय का तुमचं? आणि ही कोण माणसं?"

"अगं, ऐक तर..."

"आयुष्यभर ऐकलं! लोकांची पत्रं बिनचूक पाठवलीत आणि घरातली एक खुर्ची..."

"आजी," पोरगी मध्येच म्हणाली, "तीन मजले चढून आलात. आधी बसा ना."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या पोटाकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. खुर्चीच्या दोन्ही पट्ट्या दोन चरांत अशा बसल्या होत्या, की जणू कालपासून मध्ये काही घडलंच नव्हतं.

"बसते," काकू जरा खालच्या पट्टीत म्हणाल्या. "पण बसूनही मला बोलायचंच आहे. तुम्हाला एक काम सांगितलं होतं. मी इतके दिवस राबतेय, बांधाबांध करतेय, रात्री डोळ्याला डोळा नाही, आणि तुम्ही..."

खुर्ची एकदा मागे गेली. एकदा पुढे आली आणि करकरली. पुढचं वाक्य आलंच नाही. काका मान खाली घालून वाट बघत राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी वर पाहिलं, तर काकूंची मान डावीकडे कलली होती आणि त्या गाढ झोपल्या होत्या.

उठवायचं कुणी? काकांची छाती होईना. पोरीने तोंडावर बोट ठेवलं. मग त्या घरात जे सामान लागलं, तसं मुकादमाच्या आयुष्यात कधी लागलं नसेल. पलंग चोरपावलांनी आला. भांड्यांचं खोकं एखादं तान्हं मूल आणावं तसं आणलं गेलं. "डावीकडे घे" आणि "सांभाळ रे" खुणांनी चाललं होतं. घरची मालकीण पुठ्ठ्याच्या खोक्यावर बसून होती. घराशी काही संबंध न उरलेल्या बाई मधोमध घोरत होत्या. काकांनी कुणाच्या तरी गाठोड्यातली चादर काढून हळूच त्यांच्या अंगावर घातली. त्यांना फार बरं वाटलं, आणि त्याच वेळी रडूही आलं.

शेवटी कुणाच्या तरी हातून एक झाकण पडलंच. काकू दचकल्या. डोळे अर्धेच उघडून त्यांनी खिडकीकडे पाहिलं, समोरच्या टाकीकडे पाहिलं आणि झोपेतच विचारलं, "मुलं आली का?"

काका चादर सावरायला पुढे झाले.

"नाही आजी," पोरगी म्हणाली. "अजून दोन महिने आहेत."

मुकादम हसला, नवरा हसला, आणि मग काकूंना पुरती जाग आली. त्यांनी अंगावरची परकी चादर पाहिली आणि तिची घडी घातली. मग खुर्चीच्या चावलेल्या हाताला धरून त्या उठल्या आणि पोरीचा दंड पकडून तिला तिथे बसवलं.

"अशी ताठ नको बसूस. मान मागे टाक. आणि पायाने रेटायचं नाही, ती आपली आपण चालते."

"पण आजी, तुमची खुर्ची..."

"असू दे. माझी झोप झाली."

जिना उतरताना काकू काकांच्या हाताला धरून होत्या. दुसऱ्या वळणावर थांबून त्यांनी डोळे पुसले, आणि मग गुडघ्यांवर हात ठेवून सगळा राग गुडघ्यांच्या नावाने काढला.

"सांगून ठेवते. हा जिना मी जन्मात पुन्हा चढणार नाही."

"बरं," काका म्हणाले.

त्या चार पायऱ्या उतरल्या, थांबल्या.

"दोन महिन्यांनी एकदा चढेन फक्त."