चार हॉलांत मयेकर

सुभाष मयेकरांना जाऊन चार महिने झाले आणि त्यांच्या बायकोने, सुगंधाबाईंनी, लेकीकडे एकच गोष्ट मागितली.

"ह्यांना एकदा टीव्हीवर बघायचंय," त्या म्हणाल्या. "भिंतीवरचा फोटो चांगला आहे, पण त्यात फार गप्प आहेत. हे एवढे गप्प कधी बसले होते?"

लेक म्हणजे रसिका. नागपूरच्या एका कॉलेजात ती ग्रंथपाल होती. आठ दिवसांची रजा काढून मीरा रोडला आली होती आणि परतीचं तिकीट रविवारी संध्याकाळचं होतं. चार महिन्यांत आईने काही मागितलंच नव्हतं. चहा पुढे ठेवला तर घ्यायची, नाही ठेवला तर आठवण करायची नाही. त्यामुळे हे मागणं ऐकून रसिकाला आधी बरं वाटलं, आणि मग जबाबदारीने धडकी भरली.

साहित्याची कमतरता नव्हती. मयेकर पोस्टातून निवृत्त झाले त्या आठवड्यात त्यांनी कॅमेरा घेतला आणि पुढची चौदा वर्षं तो खाली ठेवला नाही. इमारतीतलं बारसं असो, लग्न असो, नाहीतर गच्चीवरच्या टाकीची साफसफाई. मयेकर हजर, आणि चित्राच्या जोडीला त्यांचं धावतं वर्णन. हे सगळं एका हार्ड डिस्कवर पोस्टातल्या खणांसारखं लावून ठेवलेलं होतं. खणांची नावं ‘किरकोळ’, ‘किरकोळ दोन’ आणि ‘किरकोळ पण महत्त्वाचे’.

ते टीव्हीवर आणायचं कसं, याचा रसिकाने रीतसर अभ्यास सुरू केला. कोणतं यंत्र घ्यावं यावर तिने एवढं वाचलं की वहीची अकरा पानं भरली. डाव्या बाजूला गुण, उजव्या बाजूला दोष. सुगंधाबाई वहीकडे बघून म्हणाल्या, "एमएला तू एवढं वाचलं नव्हतंस." शेवटी डिस्क अधूनमधून टकटक करायला लागली म्हणून ती जवळच्या हाटकेश भागातल्या एका दुकानात गेली. दुकानदाराने डिस्कमधलं सगळं नव्या डिस्कवर उतरवून दिलं, वहीची पानं चाळली आणि विचारलं, "मॅडम, घर में पुराना कंप्यूटर है?" आहे म्हटल्यावर तो म्हणाला, "तो बस. वही आपका सर्वर है."

सर्वर म्हणजे काय ते रसिकाने आईला समजावलं. आपला जुना कॉम्प्युटर चालू राहणार, बाबांचे सगळे व्हिडिओ त्याच्या पोटात, टीव्ही मागेल तो त्याने काढून द्यायचा.

"म्हणजे खिडकीमागे बसलेला माणूस," सुगंधाबाई म्हणाल्या.

"तसंच."

"मग हेच की."

टीव्ही होता आणि टीव्हीच्या मागे लावायची स्ट्रीमिंगची कांडीही होती. दोन्ही मयेकरांनीच आणली होती, आणि एकट्यासाठी नव्हे. एकट्याने खरेदी करणं त्यांना पटत नसे. "एकटा गेलास तर दुकानदार भाव सांगतो, चौघं गेलात तर बसायला खुर्ची देतो," असं त्यांचं शास्त्र होतं. त्यामुळे चौथ्या मजल्यावरच्या चारही घरांत एकाच कंपनीचा टीव्ही, एकाच जातीची कांडी, एकाच रंगाच्या बादल्या. पलीकडे हंसाबेन, समोर सदूभाऊ आणि जिन्याजवळ ममता मॅडम. कोण कधी काय घेणार हे मयेकर ठरवत आणि घरी जाऊन लावूनही देत.

शनिवारी दुपारी चारला सगळं सज्ज झालं. रसिकाने आईला सोफ्यावर बसवलं आणि लॅपटॉपवर ‘कुठे दाखवू’ असं विचारणारं बटण दाबलं. यादी उघडली. हॉल टीव्ही. हॉल टीव्ही. हॉल टीव्ही. हॉल टीव्ही.

एकच नाव चारदा येणं हा दोष तिच्या वाचनात येऊन गेला होता. त्याकडे दुर्लक्ष करावं असं एका जाणकाराने लिहिलं होतं. तिने दुर्लक्ष केलं आणि पहिल्यावर बोट ठेवलं. लॅपटॉप म्हणाला, चालू आहे. समोरचा टीव्ही काळाच. मग तिने स्वतःच्या फोनवरून दुसरा व्हिडिओ दुसऱ्या नावावर पाठवून पाहिला. फोनही म्हणाला, चालू आहे. टीव्ही ढिम्म. आईचा फोन घेऊन तिसरा प्रयत्न केला, तोही म्हणाला, चालू आहे.

"हे बोलतायत," सुगंधाबाई एकदम म्हणाल्या.

रसिकाने आईचा हात हातात घेतला. अशा काळात गेलेल्या माणसाचा आवाज ऐकू येतो, हे तिने वाचलं होतं. "होतं असं, आई," ती हळू आवाजात म्हणाली. "मी पुस्तकात वाचलंय. घाबरायचं नसतं."

"पुस्तकात काय ते असू दे. हंसाबेनच्या घरात बोलतायत."

तेवढ्यात बेल वाजली. दारात हंसाबेन उभ्या होत्या, डोक्यावरून पदर घेतलेला. एवढ्या वर्षांत रसिकाने तो पदर डोक्यावर पाहिला नव्हता.

"बेटा," त्या म्हणाल्या, "सुभाषभाई आमच्याकडे आलेत."

"काय?"

"टीव्ही आपोआप चालू झाला. मी हात पण नाही लावला. आणि आतून ते बोलतात."

"बंद करा ना काकी, मी बघते काय झालंय."

"बंद कसा करू?" हंसाबेन दुखावल्या. "ते बोलतायत ना अजून."

हंसाबेनच्या हॉलमध्ये टीव्हीवर त्यांच्या मुलाचा कधीचाच झालेला साखरपुडा पुन्हा चालू होता. सोफ्याच्या कडेला त्यांची सून मिनल उभी होती, नजर टीव्हीवर खिळलेली. पडद्यावर ढोकळ्याचं ताट जवळ येत होतं आणि मयेकर कुजबुजत्या आवाजात सांगत होते, "हा हंसाबेनचा ढोकळा. घरचा, असं सगळ्यांना सांगितलंय. डबे मी आज सकाळी काशीमीऱ्याहून आणले. हे आपल्यातच ठेवा."

मिनल सहा वर्षं ह्या घरात तो ढोकळा करायचा प्रयत्न करत होती. पीठ बदललं होतं, भांडं बदललं होतं, एकदा पाणीसुद्धा गाळून बघितलं होतं, आणि दर वेळी सासूबाई एक तुकडा मोडून म्हणायच्या, ‘बेटा, हातालाच चव लागते.’

"मम्मी," मिनल म्हणाली, "काशीमीऱ्याच्या हाताला?"

हंसाबेननी पदर आणखी पुढे ओढला. रसिका "सॉरी, सॉरी" म्हणत उलट पावली धावली, तर जिन्यात सदूभाऊ तिची वाटच बघत होते. सदूभाऊ मूळचे पाली कोळीवाड्यातले. होडी विकून फ्लॅटमध्ये आले तरी आवाज समुद्रावरचाच राहिला होता.

"अगो रसिका, तुजा बापूस माज्या टीव्हीव हाय."

"माहितीये काका. चुकून झालं. लगेच बंद करते."

"बंद नको करू. माजी आरती चाललीय." सदूभाऊंनी तिला हाताला धरून आत नेलं. पडद्यावर गणपतीसमोर सदूभाऊ डोळे मिटून आरती म्हणत होते. कॅमेरा थोडा हलला आणि मयेकरांचा आवाज आला, "सदूभाऊंचा गळा आज बसलाय. बाप्पा दयाळू आहे."

रसिकाने डोळे मिटून घेतले.

"तोंडाव कदी बोलला न्हाय," सदूभाऊ म्हणाले. "तोंडाव म्हणायचा, सदू, आनखी एक कडवं होऊन जाऊ दे."

आता तिसरं घर उरलं होतं. ममता मॅडम शनिवारी चार ते सहा हॉलमध्ये गणिताची शिकवणी घेत. जिन्यापर्यंत मुलांच्या टाळ्या ऐकू येत होत्या. रसिका दाराशी पोचली तेव्हा समीकरणं वहीत पडून होती आणि दहावीची आठ मुलं टीव्हीकडे तोंड करून बसली होती. गच्चीवरच्या कोजागिरीला ममता मॅडम फेर धरून नाचत होत्या आणि वरून वर्णन चाललं होतं, "मॅडम गणितात पक्क्या. इथे मात्र चार पावलं म्हणून तीनच टाकतायत. बाकीच्या बायका समजून घेतायत."

"अंकल बरोबर बोलले थे," ममता मॅडम कपाळाला हात लावून म्हणाल्या. "एक स्टेप छूटता है मेरा. आज पता चला."

घरी येऊन रसिकाने सगळं बंद केलं आणि सोफ्यावर बसून राहिली. आठवडाभर अभ्यास करून तिने तीन घरांची अब्रू एका दुपारी काढली होती, तीही बाबांच्या तोंडून. सुगंधाबाईंनी तिला पाणी दिलं आणि माहितीही दिली. मजल्यावर इंटरनेट एकच, चौघांत मिळून. चारही कांड्या ह्यांनी स्वतः लावल्या आणि चारींना एकच नाव दिलं.

"एकच का?"

"मी पण विचारलं होतं. म्हणाले, टीव्ही हॉलमध्येच असतो ना. दुसरं काय नाव देणार?"

म्हणजे यादीतला चौथा हॉल आपला. रसिका तो लावणार तोच दार उघडं बघून हंसाबेन आत आल्या. मागून मिनल, सदूभाऊ, शिकवणी आटोपून ममता मॅडम. ती माफी मागायला उठली, पण कोणी माफी ऐकायला आलेलं नव्हतं. हंसाबेनना साखरपुड्याचा पुढचा भाग बघायचा होता. मिनल तर आल्या आल्या सुगंधाबाईंच्या पाया पडली. "काकांचे उपकार आहेत माझ्यावर," ती म्हणाली. "सहा वर्षांनी मला समजलं की माझा हात ठीक आहे."

चौथा हॉल लागला. सगळे जमिनीवर, सोफ्यावर, दिवाणावर मावतील तसे बसले. बारसं झालं, पाण्याची टाकी झाली, लिफ्टचं उद्घाटन आणि त्याच दिवशी लिफ्ट अडकणंही झालं. मयेकरांचा आवाज हॉलभर फिरत होता आणि लोक हसत होते. सुगंधाबाई तेवढ्या हसत नव्हत्या. त्या पुढे झुकून पडद्याच्या कडांकडे बघत होत्या.

"आवाज आहे," त्या म्हणाल्या. "पण हे कुठे आहेत?"

रसिकाने पुढचा लावला. मग त्याच्या पुढचा. भराभर पुढे सरकवत तिने दोन्ही ‘किरकोळ’ पालथे घातले. दहा-बारा ठिकाणी अंगठा होता. एकदा सावली. एकदा लिफ्टच्या आरशात आकृती, तीही कॅमेऱ्यामागे. चौदा वर्षांत मयेकरांनी कॅमेरा दुसऱ्याच्या हातात दिलाच नव्हता.

राहिला ‘किरकोळ पण महत्त्वाचे’. तो तिने सगळ्यात आशेने उघडला. त्यात सुगंधाबाई कपडे वाळत घालत होत्या. सुगंधाबाई तांदूळ निवडत होत्या. सुगंधाबाई पेपर तोंडावर घेऊन झोपल्या होत्या. पूर्ण खणभर सुगंधाबाईच, आणि ह्या एकाच खणात वर्णन नव्हतं. मयेकर गप्प बसले होते.

"हे काय काढून ठेवलंय मेलं," सुगंधाबाई म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. मग थोड्या वेळाने, हळूच, "मला बघायला नव्हतं मागितलं मी."

सर्वर नीट चालत होता, टीव्ही बरोबर होता, आणि मागितलेली वस्तू खिडकीमागे नव्हतीच.

मंडळी उठली. जाताना हंसाबेन दारात थांबल्या. रसिका त्यांना सांगत होती की उद्या जाण्याआधी ती चारही टीव्हींना वेगवेगळी नावं देईल, म्हणजे पुन्हा असा घोळ होणार नाही.

"नको देऊ," हंसाबेन म्हणाल्या. "राहू दे तसंच. चुकून आलेच कधी, तर येऊ दे ना."

रविवारी सकाळी नऊला पहिली बेल वाजली. मिनलच्या हातात पेनड्राइव्ह होता, तिच्या भावाने फोनवर घेतलेला साखरपुडा. "ह्यात काका दिसतात," ती म्हणाली. "मी काल रात्रभर शोधलं." पाठोपाठ सदूभाऊ नातीचा फोन घेऊन आले, त्यात गणपती होता. ममता मॅडमनी त्यांच्या नवऱ्याने घेतलेली कोजागिरी आणली. रसिकाने ते सगळं कॉम्प्युटरच्या पोटात घातलं, नवा खण केला, आणि नाव काय द्यावं ते न सुचून ‘मयेकर’ एवढंच लिहिलं.

सुगंधाबाई सोफ्याच्या मधोमध बसल्या, बाकीची मंडळी त्यांच्या दोन्ही बाजूंना. चार महिन्यांत कपाटातून न काढलेली मोरपंखी साडी आज सुगंधाबाईंनी नेसली होती. रसिकाला वाटलं, आईचा हा चेहरा आपल्यापाशी असावा. तिने टीव्हीशेजारी उभं राहून फोन वर धरला.

पडद्यावर साखरपुडा सुरू झाला. चित्र उभट होतं, दोन्ही बाजूंना काळं. गर्दीतून पांढरा सदरा घातलेले मयेकर निघाले, कपाळाला आठी, हात पुढे केलेला, आणि थेट समोर चालत आले. सुगंधाबाईंचा हात तोंडावर गेला. मयेकर जवळ आले, आणखी जवळ आले, चेहऱ्याने पडदा भरला. चष्म्याच्या काडीला दोरा बांधलेला होता तोही दिसला.

"आण इकडे," मयेकर म्हणाले. चित्र गर्रकन फिरलं, छत दिसलं, आणि मयेकर दिसेनासे झाले. फोन त्यांच्या ताब्यात गेला होता.

गणपतीतही तेच. कोजागिरीतही तेच. लांबून यायचे, हात पुढे, आण इकडे, आणि गायब. तिसऱ्यांदा गायब झाले तेव्हा सोफ्यावरून एक आवाज आला. चार महिन्यांत रसिकाने तो ऐकला नव्हता. सुगंधाबाई हसत होत्या, अंग गदगदून, डोळे पुसत.

"एक क्षण उभं राहवत नाही माणसाला," त्या म्हणाल्या. "पुन्हा लाव. पहिल्यापासून."

मिनलने पहिल्यापासून लावलं. रसिका फोन धरून उभी होती, आई हसताना एक क्षणही सुटू नये म्हणून श्वास रोखून. तिच्या कानाशीच टीव्हीत मयेकर गर्दीतून निघाले, चालत चालत अगदी जवळ आले, आणि ‘आण इकडे’च्या आधी, मघाशी हसण्यात बुडून गेलेलं, वैतागलेलं एक वाक्य स्पष्ट ऐकू आलं.

"अरे, उभा काय धरलायस? आडवा धर, सगळे येतील."

रसिकाने मुकाट्याने फोन आडवा केला. सगळे आले.