रोझी सिस्टर आणि माझ्या गांधीलमाश्या

रोझी सिस्टर माझी शेजारीण. तिची वाडी आणि माझी वाडी यांच्यामध्ये एक शेवग्याचं झाड आणि चार निवडुंग, एवढंच काय ते कुंपण. ती लग्न होऊन गिरीजला आली त्या दिवशीचं जेवण मी पंगतीत बसून जेवलोय, आणि दुसऱ्यांदा वाढायला लावलंय. तरी ही बाई गेल्या वर्षी सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, माझ्या खाटेपाशी उभी राहून मला विचारत होती, "नाव काय?"

पहिल्या दिवशी मला वाटलं, म्हातारी चळली. ती अडुसष्टची, मी सत्त्याहत्तरचा, म्हणजे म्हातारी म्हणायचा हक्क मला आहे.

"रोझी, मी जनार्दन. तुझ्या विहिरीत माझा बैल पडला होता तो मी."

"बैलाचं नाही विचारलं. तुमचं पूर्ण नाव सांगा."

मी सांगितलं. तिनं ते चिठ्ठीवरच्या नावाशी ताडून बघितलं. मग बाटलीवरचं नाव मोठ्यानं वाचलं. मग बाटलीवरची तारीख. चष्मा वर करून एकदा, खाली करून एकदा. तिसऱ्या दिवशी मी वैतागून म्हटलं, "माझं नाव पोपट."

तिनं शांतपणे पिशवीची चेन ओढली. "पोपटाचं औषध माझ्याकडं नाही. जनार्दनभाऊ आले की बोलवा," म्हणाली आणि अंगणापर्यंत गेलीसुद्धा. माझी सून सुनंदा धावली म्हणून परत आली. तेव्हापासून मी नाव विचारायच्या आधीच सांगायला लागलो, तर म्हणे, "मी विचारल्यावर सांगा."

सिस्टर चाळीस वर्षं इस्पितळात होती. निवृत्त झाल्यावर सकाळी आमच्या नाक्यावरच्या डॉक्टरांकडं बसते, आणि डॉक्टरांनी लिहून दिलं तर घरी जाऊन इंजेक्शन देते. लिहून दिलं नाही तर देवानं सांगितलं तरी देत नाही. मागं कामणच्या गोदामातला एक सुपरवायझर मोटरसायकल चालू ठेवूनच तिच्या दारात आला. खिशात दोन बाटल्या. भावाच्या आजारातल्या उरलेल्या. "सिस्टर, पटकन मारा, सर्दी झालीय, ड्युटीवर जायचंय."

सिस्टरनं बाटल्या घेतल्या, आत नेऊन ठेवल्या आणि बाहेर येऊन त्याला स्वच्छ धुतलेला रुमाल दिला. "सर्दीवर एवढंच आहे माझ्याकडं. ताप आला तर डॉक्टरला दाखवा." तो म्हणाला, घाई आहे. त्यावर ती जे म्हणाली ते आता आमच्या आळीत सगळे म्हणतात: "घाई तुम्हाला आहे, औषधाला नाही."

मला हे सगळं फार आवडायचं, जोवर ते दुसऱ्याला होत होतं.

माझं असं झालं की केळीत पाट काढताना कुदळ पायावर बसली. माझ्याच हातातली कुदळ, माझाच पाय, त्यामुळं तक्रार कोणाकडं करणार. हळद भरली, फडकं गुंडाळलं आणि आठ दिवस घरात कोणाला पाय दाखवला नाही. मला साखर आहे. डॉक्टरांनी सांगितलंय, पायाला जपा. पण मी चौथी नापास माणूस, आणि माझ्या बापानं पायाला जपलेलं मी कधी बघितलं नाही. नवव्या दिवशी पाय पपईसारखा झाला, लाली पोटरीपर्यंत चढली आणि मला भर दुपारी थंडी वाजायला लागली. सुनंदानं फडकं सोडलं, वास घेतला आणि एक शब्द न बोलता रिक्षा बोलावली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचा. म्हणाला, "काका, अजून दोन दिवस थांबला असता तर बोटं काढावी लागली असती. कदाचित पाऊल." मी म्हटलं, बोटं दहा आहेत. तो हसला नाही. त्यानं चिठ्ठी लिहिली, सुनंदानं समोरच्या औषधाच्या दुकानातून बाटल्या आणल्या आणि मला सिस्टरच्या ताब्यात दिलं.

सिस्टरनं बाटली हातात घेतली. "ही दोन औषधं आहेत एकत्र. एक जंतूंना मारतं. पण जंतू आता हुशार झालेत, मारायला आलेल्या औषधालाच कापतात. म्हणून दुसरं औषध जंतूंची सुरी धरून ठेवतं. तोवर पहिलं काम करतं."

"म्हणजे दोघांनी मिळून एकाला धरायचं."

"तसंच. आता सांगा, याआधी कधी कुठल्या औषधाचा त्रास झाला होता?"

"मला? मला आजवर औषधच लागलं नाही."

"इंजेक्शन घेतल्यावर अंगावर गांध्या? ओठ सुजणं? दम लागणं?"

"छे."

"आठवून सांगा. हे पेनिसिलिनच्या घराण्यातलं आहे."

आता मला जरा मागं जाऊन सांगितलं पाहिजे, नाहीतर मी का घामाघूम झालो ते कळणार नाही.

माझं नवीन लग्न झालं होतं तेव्हाची गोष्ट. माझा मेव्हणा सुई बघून चक्कर येऊन पडला होता, आणि त्याची नक्कल मी चार कार्यांत करून दाखवली होती. त्याच वर्षी मला मांडीला गळू झालं. वसईत जाऊन पेनिसिलिनचं इंजेक्शन घेतलं, सायकलवर बसलो आणि दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर आडवा झालो. तोंड सुजून भोपळा, घशात बूच मारल्यासारखं. लोकांनी उचलून परत त्याच डॉक्टरकडं नेलं म्हणून वाचलो. तो म्हणाला, "हे इंजेक्शन आयुष्यात पुन्हा घ्यायचं नाही. घरात सगळ्यांना सांगून ठेवा."

मी घरात सगळ्यांना सांगितलं की गांधीलमाश्या चावल्या.

काय करणार. मेव्हणा घरीच आला होता. पहिल्या वर्षी माश्या चार होत्या. मुलगा शाळेत जायला लागला तोवर वीस झाल्या. मग मी माडावर चढून हातानं त्यांचं घर काढलं होतं असं निघालं. पायावर कुदळ बसली त्याच्या आदल्या गणपतीत तर मी ते घर शेजारच्या विधवा बाईची पोरं वाचवायला काढलं होतं. इतकं छान जमून आलं होतं की बायको गेली तेव्हा लोक तिच्याबद्दल बोलता बोलता म्हणाले, माश्यांच्या वेळी बिचारीनं केवढं केलं. मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. माड कुठला तेसुद्धा मी दाखवायचो.

आणि आता दवाखान्यात बाकावर आमच्या आळीतली चार माणसं बसलेली, शेजारी सून उभी, आणि सिस्टरचा अंगठा बाटलीच्या झाकणावर. ती सील तोडत नव्हती. माझ्या तोंडाकडं बघत होती.

मी मनात हिशेब लावला. एका बाजूला पाय. दुसऱ्या बाजूला माश्या. खोटं वाटेल, पण मला ठरवायला वेळ लागला. मी असाही विचार केला की पन्नास वर्षांत अंग बदललं असेल, औषध बदललं असेल, एखादवेळेस आता चालेल. मरायचं झालं तरी अब्रूनं मरू. तेवढ्यात सिस्टर हळूच म्हणाली, "घाई नाही."

"रोझी," मी म्हटलं, "सुनंदाला जरा बाहेर पाठव."

"नाही. काही असेल तर तिनंच ऐकायला पाहिजे."

मग मी सांगितलं. हळू सांगितलं, पण बाकावरचे लोक ऐकायलाच बसलेले असतात. माड आला, घर आलं, विधवा बाईची पोरं आली आणि सगळी एकेक करून गेली. सुनंदानं ओढणी तोंडात कोंबली. बाकावरचा वसंता म्हणाला, "म्हणजे काका, माशी एकपण नव्हती?"

"नव्हती."

सिस्टर हसली नाही. तिनं बाटली न फोडता बाजूला ठेवली, उठून डॉक्टरांकडं गेली. डॉक्टर बाहेर आला, माझ्याकडं बघत राहिला. "काका, हे दिलं असतं तर इथल्या इथं काय झालं असतं, ठाऊक आहे?" मला ठाऊक होतं. तिथं मला एकट्यालाच ठाऊक होतं. त्यानं त्या घराण्यातलं सगळं काट मारून दुसऱ्याच घराण्यातलं इंजेक्शन लिहून दिलं. पहिला डोस तिथंच, त्याच्या डोळ्यांसमोर, हळूहळू सलाईनमधून. नंतर अर्धा तास सिस्टर मनगटावरचं घड्याळ आणि माझं तोंड आळीपाळीनं बघत बसली. लग्नाच्या वेळी मुलगी बघायला गेलो तेव्हा मीसुद्धा एवढं निरखून बघितलं नव्हतं.

पुढचे डोस घरी. हाताला सुई बसवून ठेवली होती, ती जागा ती रोज दाबून बघायची, लाल झालीय का, दुखतंय का. वेळ ठरलेली. आठ म्हणजे आठ. मी म्हटलं, अर्धा तास इकडं तिकडं झाला तर जंतू काय घड्याळ बघतात? "बघतात," म्हणाली. बाटलीत थोडं औषध उरलं तर माझा जीव कळवळायचा. वाडीत उरलेलं औषध मी दुसऱ्या झाडाला घालतो. "फ्रीजमध्ये ठेव की," म्हटलं, तर तिनं माझ्यासमोर ते टाकून दिलं आणि सुई झाकणाच्या डब्यात टाकली.

चौथ्या दिवशी ताप गेला, सूज उतरली. मी जाहीर केलं की आता बास. "डॉक्टरांनी सात लिहिलेत," ती म्हणाली. "अर्धे मेलेले जंतू सगळ्यात वाईट. उरलेले शिकून येतात." मी चौथी नापास, जंतू माझ्यापेक्षा जास्त शिकणार हे मला सहन झालं नाही. सात दिवस पुरे केले.

बाहेर माझी जी शोभा व्हायची ती झाली होतीच. दूधवाला विचारायचा, "काका, माश्या काय म्हणतात?" मेव्हणा आता हयात नाही, पण त्याच्या मुलानं विरारहून खास फोन केला आणि बराच वेळ नुसता हसला. मी ऐकून घेतलं. पाय शाबूत होता, त्यामुळं उठून फोन ठेवता आला.

सातव्या दिवशी सिस्टरनं हाताची सुई काढली, कापूस दाबून धरला आणि सुनंदाला म्हणाली, "एका कागदावर ठळक लिही. यांना पेनिसिलिन चालत नाही. दाराच्या मागं लाव, एक यांच्या पाकिटात ठेव. उद्या हे बेशुद्ध पडले तर कोण सांगणार?"

मला सात दिवस प्रश्न विचारून विचारून तिनं पार सोलून काढलं होतं. म्हटलं, एकदा आपणही विचारू. "एवढं आम्हाला विचारतेस. तुला काय चालत नाही?"

ती कापूस गुंडाळत होती. हात थांबले.

"सल्फा," म्हणाली. "एकदा अंगाची सालं निघाली होती."

"हे कोणाला ठाऊक आहे?"

"फ्रान्सिसला होतं."

फ्रान्सिस म्हणजे तिचा नवरा. त्याला जाऊन चार वर्षं झाली. मुली दोघी परदेशात.

"पोरींना?"

"फोन येतो रविवारी. पण चर्चमध्ये मिस्साला गेले का, जेवले का, यातच संपतो. हे सांगायचं राहूनच जातं." मग म्हणाली, "चाळीस वर्षांत मला कोणी विचारलं नाही, भाऊ. मीच विचारायचे ना."

मी सुनंदाला म्हटलं, अजून एक कागद आण. आणि पेन माझ्याकडं दे. माझं अक्षर म्हणजे कोंबडी चिखलातून गेल्यासारखं. पण मोठं लिहिलं: रोझीला सल्फा द्यायचं नाही. तसंच एका चिठोऱ्यावर लिहून खाली सुनंदाचा नंबर टाकला आणि ते तिच्या पिशवीत ठेवलं. मोठे दोन्ही कागद आमच्या दारामागं एकाखाली एक लावले. सिस्टर निघायला उठली. पिशवीची चेन तिला पटकन लागेना. तिसऱ्यांदा लागली, मग गेली.

दुसऱ्या दिवशी डोस नव्हता. बरोबर आठ वाजता ती अंगणात आली. हातात पिशवी नाही.

"कागद नीट चिकटलाय का बघायला आले," म्हणाली.

चिकटला होता. तरी सुनंदाचा चहा होईपर्यंत ती तो बघत उभी राहिली.