धुळ्याला ऐकू जाणारी गाडी

आमच्या शेजारचे लोटनभाऊ वीतभर लांबीच्या रेल्वे इंजिनाला स्टेथोस्कोप लावून बसतात. एका हातात इंजिन, कानात नळ्या, डोळे मिटलेले, आणि चेहऱ्यावर असा भाव की आता इंजिनाला 'जीभ दाखवा' म्हणतील. हे दृश्य मी पहिल्यांदा कुंपणाच्या भिंतीवरून पाहिलं आणि घरात येऊन वहीत लिहिलं : 'लोटनभाऊ, स्टेथोस्कोप, इंजिन. चौकशी करणे.'

वहीचं आधीच सांगून टाकते. मी जळगावातल्या एका दाळमिलमध्ये माल रवाना करायचं काम बघते. कोणता ट्रक, कोणती डाळ, किती वाजता फाटकाबाहेर पडला, हे लिहिल्याशिवाय माझा दिवस संपत नाही. सवय घरीही येते. पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीत मागच्या मंगळवारी नळ किती वाजता गेला, हे कुणाला हवं असलं तर ते माझं दार वाजवतात.

लोटनभाऊंनीही ते वाजवलं, पण नळासाठी नाही. संध्याकाळचे सहाला पाच कमी होते.

"ताई, मिक्सर बंद करा."

"का हो?"

"गाडी बोलणार शे."

"कोणती गाडी?"

"सहाची," म्हणाले आणि गेले.

पिंप्राळ्यापासून खऱ्या रेल्वेचे रूळ लांब नाहीत. रात्रंदिवस गाड्या जातात, पण माझ्या मिक्सरबद्दल रेल्वेने आजवर तक्रार केली नव्हती. शेंगदाण्याची चटणी अर्धवट टाकून मी त्यांच्या मागोमाग गेले.

पुढच्या खोलीत सोफा नाही, खुर्च्या नाहीत. दारापासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत प्लायवूडचं एकच टेबल, त्यावर रुळांचा लांबट गोल. उंबऱ्याजवळच्या वळणावर आगपेटीएवढं स्टेशन. रुळांवर ते इंजिन आणि मागे तीन डबे. जावयाने परदेशातून आणलेलं हे इंजिन नुसतं चालत नाही, बोलतं. त्याच्या पोटात एक चिप आहे आणि रुपयाएवढा स्पीकर. इंजिन सुरू होताना खोकतं, वेग घेताना घरघरतं, शिट्टी देतं, ब्रेक लागला की किंचाळतं. टेबलाच्या मधोमध स्टीलच्या ताटलीत मोबाईल उताणा ठेवलेला. फोन चालू होता, पण कुणी हॅलो म्हणत नव्हतं.

थोड्या वेळाने फोनमधून आवाज आला. टक. टक. चमचा लोखंडावर वाजवावा तसा.

लोटनभाऊंनी लगेच बटण फिरवलं. गाडी सुटली. एक फेरी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला उंबऱ्याजवळच्या वळणावर आवाज गेला. गाडी थांबली नाही, नुसती मुकी झाली. चार बोटं पुढे गेली आणि पळता पळताच पहिल्यापासून खोकायला लागली, जणू आत्ता कुठे झोपेतून उठतेय. पण तेवढ्यात फोनमधून एकदाच टक वाजलं आणि फोन बंद झाला.

लोटनभाऊंनी बटण मागे फिरवलं. "रद्द," म्हणाले, आणि डोकं धरून बसले.

मला काहीच कळेना. इंदूवहिनींनी मला स्वयंपाकघरात ओढलं आणि सगळं सांगितलं. लोटनभाऊंचे थोरले भाऊ पंडितनाना धुळ्याला असतात. जन्मभर मालगाडीचे गार्ड. वर्षापूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. कान शाबूत, डोकं शाबूत, शब्द मात्र एक नाही. घरातल्यांनी टीव्ही लावला, भजनं लावली. नाना भिंतीकडे तोंड करून पडायचे आणि ताट परत पाठवायचे. मग एकदा लोटनभाऊंनी फोनवर ही गाडी ऐकवली. नानांनी कूस बदलली, चमचा उचलला आणि पलंगाच्या दांडीवर दोनदा वाजवला. म्हणजे सोड. तेव्हापासून रोज सहाला गाडी धुळ्याच्या उशाशी जाते. दहा फेऱ्या. दोन टकटक म्हणजे सोड, एक म्हणजे थांब; दहाव्या फेरीनंतर एक म्हणजे पोचली. गाडी पोचली की नाना जेवतात.

"अन् नाही पोचली तर?" मी विचारलं.

वहिनींनी भाकरी थापायला घेतली. "मग नाही जेवत."

"परत फोन लावायचा ना!"

"लावून पाहिला. घेत नाहीत. सूनबाई सांगते, फोन हातानं ढकलून देतात. गार्ड माणूस. एकदा रद्द ती रद्द."

बाहेरून लोटनभाऊ म्हणाले, "ताई, आपला फोन मुका झाला तर आपण काय करतो? हॅलो, हॅलो करतो. नानाले ते म्हणता येत नाही. आवाज गेला की त्याले वाटतं, आपणच तुटलो."

त्या दिवशी घरी येऊन मी वहीत नवीन पान उघडलं.

आता लोटनभाऊंचा स्वभाव सांगायला हवा, नाहीतर पुढचे महिने समजणार नाहीत. हा माणूस पाईपच्या कारखान्यात तीस वर्षं गळती शोधत होता. पाईपात पाणी भरायचं, दाब द्यायचा आणि कान लावून ऐकायचं. निवृत्त होताना साहेबांनी विचारलं, भेट काय देऊ? यांनी कामावरचा स्टेथोस्कोप मागून घेतला. लग्नाच्या पंगतीत हे पाण्याच्या पिंपाशेजारी बसतात आणि वधूपित्याला बोलावून सांगतात, "तोटीपाशी गळती शे." एकदा सकाळी सातला माझ्या दारात येऊन म्हणाले, "तुमच्या संडासातली टाकी झिरपतेय. पहाटेपासून ऐकतोय." भिंतीपलीकडून! प्लंबर आला तेव्हा खरंच झिरपत होती. मला आनंद व्हावा की लाज वाटावी, हे अजून ठरलेलं नाही.

त्यांचा नियम एकच. "झाकू नका, शोधा." पाईपावर पट्टी गुंडाळणाऱ्या माणसाबद्दल ते असं बोलतात की ऐकणाऱ्याने मुलांचे कान झाकावेत.

इंजिनाच्या आवाजालाही त्यांनी गळतीच मानलं. वीज रुळांतून चाकांत येते, चाकांच्या पाठीला टेकलेल्या पितळेच्या बारीक पट्ट्यांतून चिपपर्यंत जाते. वाटेत कुठेतरी ती क्षणभर गळते. वजनाच्या झोकाने गाडी पुढे निघून जाते, पण चिप विझते आणि पुन्हा पहिल्यापासून जागी होते. गळती कुठे आहे एवढंच शोधायचं.

त्यांनी बठ्ठं, म्हणजे सगळं, शोधलं. हा त्यांचाच शब्द. चाकं रोज दुपारी स्पिरिटने पुसली. रुळांचे सांधे डाग देऊन पक्के केले. पितळी पट्ट्या केसाएवढ्या वाकवून चाकांना नीट टेकवल्या. एकदा रूळ पॉलिश पेपरने घासले आणि मग दोन दिवस स्वतःलाच शिव्या दिल्या, कारण घासलेल्या चऱ्यांत मळ जास्त बसतो. पुसलेल्या कापसावर दर वेळी लालसर डाग यायचा. "गंज शे," ते म्हणायचे. मी वहीत 'कारण' या रकान्यात 'गंज?' लिहायची. प्रश्नचिन्ह माझं. मोबाईल दुरुस्त करणारा इम्रान डाग द्यायला आला होता, तो म्हणाला होता, "भाऊ, हे रूळ गंजणाऱ्यातले नाहीत."

याच इम्रानने सोपा उपायही सांगितला. "एक कपॅसिटर बसवू. इंजिनात जागा आहे. अर्धा-एक सेकंद वीज गेली तरी आवाज चालू राहील. विषय संपला."

"म्हणजे टाकी," लोटनभाऊ म्हणाले.

"हो. नळ जातो, पण गच्चीवर टाकी आहे म्हणून घरात पाणी असतं की नाही? तसंच."

"म्हणजे गळती तशीच राहील."

"राहू द्या ना भाऊ. कुणाला दिसते?"

लोटनभाऊंनी त्याच्याकडे असं पाहिलं की इम्रानने सोल्डरिंगची गन पिशवीत घातली. "मी तीस वर्षं झाकलं नाही," ते म्हणाले, "आता झाकू?"

मी मध्ये पडले. "लोटनभाऊ, तत्त्व तुमचं, पण उपाशी नाना राहतात."

हे त्यांना लागलं. पण ते हटले नाहीत. "आठ दिवस द्या. सापडेल."

तेव्हा मी माझी वही घेऊन रोज सहाला तिथे उभी राहायला लागले. तारीख, फेरी, जागा, हवा, कोण घरात. ट्रकचं लिहिते तसंच लिहिलं. सोमवार, तिसरी फेरी, उंबऱ्याजवळचं वळण, आवाज गेला, नाना जेवले नाहीत. मंगळवार, नववी फेरी, तिथेच, पण नानांनी थोडी वाट पाहिली, गाडी पुन्हा खोकल्यावर टक वाजवलं नाही. त्या दिवशी लोटनभाऊंनी मला चहा पाजला. बुधवारी पुन्हा रद्द. आणि मग गुरुवार ते रविवार, चार दिवस गाडी दहाही फेऱ्या अखंड बोलली. लोटनभाऊंनी मुठी वळल्या. "सापडली! पट्टी वाकवली त्याचा गुण."

सोमवारी पुन्हा आवाज गेला. नेमका तिथेच.

मी वही घरी नेली आणि जेवण झाल्यावर सगळी पानं ओळीने वाचली. हवा वेगळी, फेरी वेगळी. 'कोण घरात' हा एक रकाना मात्र त्या चारही दिवशी रिकामा होता. इंदूवहिनी पुतणीच्या लग्नाला धरणगावला गेल्या होत्या.

मंगळवारी मी लोटनभाऊंना काही बोलले नाही. फक्त म्हटलं, "आज फोन मी लावते. तुम्ही माझ्या जागेवर उभे राहा आणि स्टेशनाकडे बघा." रोज या वेळी त्यांचं लक्ष फोनकडे असायचं, त्यामुळे माझ्या जागेवरून मला रोज दिसायचं ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. टेबलाकडे पाठ, एक बोट आकड्यांवर, दुसरं कानात.

सहाला दोन मिनिटं कमी असताना वहिनी हात पुसत बाहेर आल्या. कमरेच्या पिशवीतून कुंकवाची डबी काढली. इंजिनाच्या कपाळाला बोट टेकवलं. मग चिमूटभर कुंकू उंबऱ्याजवळच्या रुळावर सोडलं, दोन्ही हात जोडले आणि पुटपुटल्या, "नानापावत जाय वं माय," म्हणजे नानांपर्यंत पोच गं बाई. आल्या तशा आत गेल्या. आमच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. रोजचंच काम होतं.

टक. टक. गाडी सुटली. प्रत्येक फेरीला चाकांवर ती लाल भुकटी चढत गेली आणि चौथ्या फेरीला वळणावर गाडी मुकी झाली. टक. फोन बंद.

मी तोंड उघडलं. लोटनभाऊंनी बोट ओठांवर ठेवलं आणि मला बाहेरच्या ओट्यावर घेऊन आले.

"ताई, गळती सापडली."

"मग सांगा ना वहिनींना! रुळावर नको, देव्हाऱ्यात लावा म्हणावं."

मी उठले, आत गेले आणि वहिनींबरोबर मेथी निवडायला बसले. सहज विचारावं तसं विचारलं, "वहिनी, गाडीला कुंकू कधीपासून हो?"

"पावसात एक दिवस फोनच कट झाला ना. नाना उपाशी झोपले. दुसऱ्या दिवसापासून लावस. नानाची गाडी शे ती, कुकू न लावता कशी सोडानी?" मग हळू आवाजात म्हणाल्या, "यांना यंत्रातलं कळतं. मला काय कळतं? मला एवढंच येतं."

मी बाहेर आले. लोटनभाऊंनी सगळं ऐकलं होतं. त्यांना भिंतीपलीकडची संडासातली टाकी ऐकू येते, हे तर उंबऱ्यापलीकडचं बोलणं.

"इम्रानला बोलवा," ते म्हणाले.

"कशाला?"

"टाकी बसवू."

"अहो, पण तुमचा नियम? झाकू नका, शोधा?"

"शोधली ना," लोटनभाऊ म्हणाले. "ते पाईपाचं होतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी इम्रानने इंजिनाचं पोट उघडून तो वाटाण्याएवढा कपॅसिटर आणि दोन तारा बसवल्या. इतके दिवस अडून राहिल्याबद्दल तो लोटनभाऊंना खूप बोलला आणि लोटनभाऊंनी ऐकून घेतलं. गळती कुठे होती ते त्याने विचारलं. "सापडली नाही," लोटनभाऊ म्हणाले. त्यांच्या तोंडून हे वाक्य ऐकणारे आम्ही दोघेच.

सहाला दोन कमी असताना लोटनभाऊंनी टेबलाकडे पाठ केली आणि फोन लावायला घेतला. नंबर लावायला त्यांना एरवीपेक्षा बराच जास्त वेळ लागला. वहिनी आल्या, बोट टेकवलं, चिमूट सोडली, हात जोडले, गेल्या.

टक. टक.

पहिली फेरी. वळणावर चाकांखाली लाल भुकटी उडाली आणि घरघर तशीच पुढे गेली. दुसरी. पाचवी. आठव्या फेरीला लोटनभाऊंनी शिट्टी दिली, तीही वळणावरच, मुद्दाम. शिट्टी अखंड गेली. दहावी झाली, ब्रेक किंचाळला, गाडी स्टेशनात उभी राहिली. वहिनीही बाहेर आल्या. आम्ही तिघंही ताटलीवर वाकलो होतो.

टक.

आणि मागून नानांच्या सुनेचा आवाज आला, "काका, ठेवते हं. नानांनी चमचा तोंडाकडे नेला, ताट मागताहेत."

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला आणि माझ्याकडे वळल्या. "पाहिलं ना ताई? इतके महिने लावलं, आज देव पावला. हे मेले स्पिरिटनं पुसत बसले होते."

लोटनभाऊ खाली मान घालून चाकं पुसत होते. कापसाचा बोळा लालेलाल झाला होता. त्यांनी तो घाईने मुठीत घेतला, पण वहिनींनी पाहिलाच.

"ते काय शे लाल?"

"गंज," लोटनभाऊ म्हणाले आणि बोळा खिशात टाकला.

घरी येऊन मी वही उघडली. 'कारण' या रकान्यात ओळीने 'गंज?', 'गंज?', 'गंज?' लिहिलेलं होतं. खोडरबर घेऊन सगळी प्रश्नचिन्हं पुसली, आणि मग मिक्सर लावला.