टाकं बोललं

टाक्यात उतरायचं मी ठरवलं, ते केवळ नवऱ्याचा दम का पुरत नाही हे पाहायला. (मे महिन्याच्या दुपारी गार पाण्यात बसायला मिळतं, हे दुसरं कारण. ते मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नव्हतं.)

लग्न नुकतंच झालं होतं. आमचे हे, जागेश्वरराव, कचेरीत कारकून आणि पोहण्याचे वेडे. अंगात ताकद भरपूर, पण श्वासासाठी डोकं वर काढलं की पाय खाली आणि अंग वाकडं. गेल्या वर्षीच्या कचेरीच्या शर्यतीत तिरपे जात ते साहेबांच्या लेनमध्ये शिरले आणि साहेबांच्या पोटावर डोकं आपटल्यावरच थांबले. साहेबांनी बजावलं होतं, "यंदा पुन्हा असं झालं, तर पुढच्या वर्षीपासून तुम्ही लिंबू-चमचा!"

दुसऱ्या कुणी पोहणं सोडलं असतं. यांनी वाचनालयात इंग्रजी मासिक शोधलं. त्यात तोंडात नळी धरून पोहणाऱ्याचा फोटो होता. श्वास नळीतून, म्हणून डोकं स्थिर. डोकं स्थिर, म्हणून अंग सरळ. तशी नळी सीताबर्डीत मिळेना, तेव्हा यांनी कूलरचा पाइप माझ्या रिबिनीने कपाळाला बांधला, नाकाला कपड्यांचा चिमटा लावला आणि घरातल्या बंद पडलेल्या हातमागाच्या फळीवर पालथे पडून हात मारू लागले. मला हसू येई, पण बघत राहावंसंही वाटे. मागावरचा धोटा टोकाला पोचल्याशिवाय परत फिरत नाही, तसा यांचा एक हात पुढे पोचल्याशिवाय दुसरा निघत नसे.

"काहून हसून राहिली वं?"

मी नुसती मान हलवली. बोलणं मला जमतच नसे. सासूबाई शेजारच्या सिंधूताईंना सांगत, "सून चांगली हाय, पण घरात हाय का नाही तेच समजत नाही."

पण खऱ्या पाण्यात पाइपाने दगा दिला. "चार हात मारले का दम कोंडते. सोडून देतो आता," म्हणत हे अर्ध्या ताटावरून उठले. मला ते पाहवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंचा डोळा लागला. मी नाकाला चिमटा लावला, पाइप तोंडात धरला आणि अंगणातल्या सिमेंटच्या टाक्यात पातळासकट खाली बसले. पाण्याबाहेर फक्त पाइपाचं टोक.

तेवढ्यात कूलर कोरडा पडला. सासूबाई चष्म्याशिवाय बाहेर आल्या आणि रोजच्यासारखं पाइपाचं टोक तोंडात धरून पाणी ओढू लागल्या. (टाक्यातलं पाणी बादलीत उतरवायची आमची हीच रीत.)

पाणी आलं नाही. माझा श्वास गेला.

"कचरा बसला वाटते," असं पाइपातून ऐकू आलं आणि त्यांनी जोरात फुंकलं. माझे गाल फुगले. पुन्हा ओढलं. या वयात काय तो दम! शेवटी जीव एकवटून मी पाइपात ओरडले, "आई, मी आहो आत!"

"अवं सिंधू, धाव वं! टाकं बोललं! मले आई म्हनलं!"

सिंधूताई धावत आल्या. मी चिमट्यासकट वर उगवले.

"अवं माय, सून हाय ना तुमची!"

"सून? ते कुठं बोलते!"

संध्याकाळी मी यांना सांगितलं, "पाइप लांब आहे. सोडलेलीच हवा परत छातीत येते." दुसरा नवरा आधी ओरडला असता. यांनी उठून पाइप कापला आणि विचारलं, "अजून काय दिसलं तुले?" त्या प्रश्नावर मी जीव टाकला. (आखूड पाइपाने पाणी उतरेना, म्हणून उन्हाळाभर कूलर बादलीने मीच भरला.)

शर्यतीत पाइप लावू देत नव्हते, पण मान आता स्थिर राहायला शिकली होती. हे आखलेल्या रेघेसारखे निघाले. साहेब पहिले आले (कचेरीत साहेबच पहिले येतात), हे दुसरे, आणि साहेबांचं पोट शाबूत! सगळे ओरडत होते. माझ्या तोंडातून मात्र आवाज फुटेना.

काठावर शेजारी उभ्या सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि अख्ख्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ओरड ना वं! का घरून पाइप आणू?"