बेकरीवाल्या वहिनींनी लायसन सर केले त्याची हकीकत

समस्त भूमंडळी गाडी हाकणारे व हाकू इच्छिणारे लहानथोर यांसी कळावे की, बेकरीवाल्या वहिनीसाहेबांनी इंग्रजी हुकुमांचा मुलूख कैसा जिंकिला, हे ज्यांनी डोळां पाहिले त्यांच्या तोंडून ऐकोन, तिखटमीठ बेताचेच लावोन, येथे लिहिले असे.

प्रथम कारण ऐसे जाहले की, वहिनीसाहेबांचे यजमान, इंग्रजी मुलखात मांडिलेल्या भट्टीचे खासे मालक, यांच्या नजरेवर पडदा आला, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी सख्त ताकीद केली की, आजपासोन गाडी चालविणे नाही. मग पावांची व्हॅन दाराशी धूळ खाऊ लागली, भाडोत्री ड्रायव्हर ठेविला तो दिवस वर आल्यावर डोळे चोळीत हजर होऊ लागला, आणि इस्पितळाच्या कँटीनमधोन निरोप आला की, पाव थंडच येणार असतील तर आम्ही दुसरी भट्टी पाहू. हे वर्तमान ऐकोन यजमान पिठाच्या पोत्यावर मटकन बसले. त्या समयी वहिनीसाहेबांनी कणकेचे हात पुसले आणि जाहीर केले की, व्हॅन आम्ही चालवू.

हात मूळचाच धीट. गिअर, ब्रेक, आरसे सर्व लवकरच अंमलाखाली आले. परंतु लायसन ज्यांच्या हाती, ते परीक्षकसाहेब, लांब मानेचे आणि सदा खाकरणारे, यांसी इंग्रजीवाचोन दुसरी जबान ठाऊक नव्हती. आणि वहिनीसाहेबांची इंग्रजी शिबंदी म्हणजे गो म्हणजे जा, कम म्हणजे ये, स्टॉप म्हणजे थांब, एवढीच.

मग पहिली मोहीम जाहली. साहेब व्हॅनमध्ये बसले, काळ्या पँटीस पीठ लागले ते झटकिले, आणि फर्माविले की, मूव्ह ऑफ. वहिनीसाहेबांनी विचार केला की, ऑफ म्हणजे बंद, हे तर पोराबाळांस ठाऊक. म्हणोन इंजिन बंद केले. साहेबांनी पुन्हा फर्माविले, तेव्हा वायपर बंद केले. आणखी एकवार फर्माविले, तेव्हा रेडिओ बंद करू गेल्या, तो मुळातच बंद होता, म्हणोन आधी चालू करोन मग बंद केला.

अखेर साहेबांनी बोटाने रस्ता दाखविला, तेव्हा स्वारी निघाली, आणि बाजाराचा चौक बिनबोभाट पार जाहला असता साहेब वदले, पुल ओव्हर. आता वहिनीसाहेबांच्या अंगी नणंदबाईंनी विणिलेला लाल पुलोव्हर होता. तो उतरविण्याशी सरकारास काय कर्तव्य, हे उमजेना. तथापि हुकूम तो हुकूम, ऐसे मनी आणोन त्यांनी चालत्या गाडीत पुलोव्हर डोक्यावरोन ओढिला, आणि तो अंबाड्यात अडकला, आणि डोळ्यांपुढे लाल अंधार जाहला. मग साहेबांनी स्टिअरिंगास मिठी मारिली, व्हॅन फुटपाथावर चढोन एका कुंपणात नाक खुपसोन उभी राहिली, मागील दार उघडले, आणि रिकाम्या ट्रेंचा नगारा रस्ताभर वाजला. सपशेल शिकस्त जाहली.

घरी येऊन वहिनीसाहेब थेट कणकेच्या टेबलाशी गेल्या. कणिक ऐशी तिंबिली की टेबल भिंतीपावेतो सरकले. डोळे भरोन आले, ते पीठ गेले ऐसे सांगोन पुसले. यजमान हळूच म्हणाले, "अगं, नसेल जमत तर राहू दे. भट्टी विकून टाकू."

नणंदबाई तेथेच होत्या. शाळेत कवायत शिकवीत, गळ्यात शिट्टी नित्य. त्यांनी एकदम विचारिले, "दादा, विकायची की टाकायची?"

"म्हणजे काय? विकून टाकायची."

"बघ वहिनी! आणि 'येऊन जा' म्हणतो तेव्हा माणूस यायचा की जायचा? आपण शब्दाला शब्द जोडला की चाल बदलतेच की. इंग्रजांचं तसंच. फक्त त्यांच्यात सगळी सत्ता शेपटाकडे, मागच्या शब्दाकडे!"

वहिनीसाहेब प्रथम रागावल्या, मग हसल्या, मग म्हणाल्या, "फुंक तुझी शिट्टी."

तेथोन भट्टीत तालीम सुरू जाहली. पावाचे टेबल हा चौक, पिठाची पोती या उभ्या गाड्या, हाती ट्रे धरिला तो स्टिअरिंग, आणि यजमान रस्ता ओलांडणारी रयत. मूव्ह ऑफ म्हणता निघावे, पुल ओव्हर म्हणता कडेस घ्यावे, पुल आउट म्हणता कड सोडावी. बॅक अप म्हणता वर कोठेही न जाता मागे यावे, येथे थोडी बाचाबाची जाहली. आणि स्लो डाऊन म्हणजेही हळू, स्लो अप म्हणजेही हळू, हे कळताच वहिनीसाहेबांनी स्टिअरिंग भूमीवर आपटिले, ते लोळत जाऊन रयतेच्या नडगीस लागले. तरी तालीम थांबली नाही.

मग दुसरी मोहीम. तेच साहेब आले, प्रथम वहिनीसाहेबांच्या अंगावर पुलोव्हर नाही याची खातरजमा केली, मग पट्टा आवळिला. मूव्ह ऑफ म्हणताच व्हॅन निघाली. कुंपणाजवळ येताच साहेबांनी डोळे अर्धे मिटोन पुल ओव्हर म्हटले, आणि व्हॅन कडेस लोण्यासारखी लागली. पुढे अरुंद गल्लीत गाद्यांनी भरलेला ट्रक आडवा. साहेब खाकरले आणि वदले, स्क्वीझ थ्रू.

हा शब्द तालमीत आलाच नव्हता! वहिनीसाहेबांच्या कपाळी घाम आला. स्क्वीझ कोण, कोठला, ठाऊक नाही. परंतु शेपूट थ्रू, म्हणजे आरपार, हे एका सिनेमाच्या जाहिरातीवरोन ओळखीचे होते. मग आरसा आत मिटला, श्वासही आत घेतला, जणो त्यानेच व्हॅन बारीक होणार, आणि ट्रक व विजेचा खांब यांमधोन स्वारी बिनओरखड्याची पार जाहली. कार्यालयाशी येऊन साहेबांनी पास ऐसे उच्चारिले. त्यास शेपूट नव्हते. वहिनीसाहेबांनी हॉर्न वाजविला तो साहेब उतरोन गेले तरी वाजतच होता.

दुसरे दिवशी पहाटे पाव भरले. यजमान शेजारी बसोन पायाने नसलेला ब्रेक दाबू लागले आणि "हळू! अगं, हळू!" ऐसा घोष करू लागले, तेव्हा वहिनीसाहेबांनी जन्मातील पहिला इंग्रजी हुकूम स्वमुखे सोडिला की, "अहो, गो बॅक!" यजमान निमूट मागे ट्रेंमध्ये जाऊन बसले.

इस्पितळाशी स्वारी दाखल होता कँटीनवाल्याने एक पाव उचलिला, चटका बसला म्हणोन या हातातोन त्या हातात नाचविला, आणि अखेर हाय हाय करीत खाली टाकिला. फत्ते जाहली. कळावे.